आई-वडील गेल्यावर वस्तीवर उरलेल्या भावंडांनी पहिल्या वर्षात काय करावे

दहाव्याला आलेले पाहुणे परतले की वस्तीवरच्या घरात जी शांतता उतरते, ती केवळ दुःखाची नसते. दीड-दोन एकर कोरडवाहू जमीन, एखादी म्हैस आणि गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर लांब असलेले घर, अशा संसारात गावाशी असलेला बहुतेक सगळा संबंध आई किंवा वडील या एकाच माणसाच्या पायांवर चाललेला असतो. पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीच्या सचिवाला भेटणे, डेअरीतून दुधाचा दहा दिवसांचा पगार आणणे, रेशन दुकानात अंगठा लावणे, भावकीतल्या लग्नाला आहेर घेऊन जाणे, ही कामे कोण करत होते हे ते माणूस गेल्यावरच कळते. ती कामे कोणीच उचलली नाहीत, तर हलाखी आणि एकाकीपण ही दोन्ही संकटे एकदमच घरात शिरतात.

म्हणून तेराव्यानंतर, सासरी गेलेल्या बहिणी घरी असतानाच, सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे आणि एका वहीत ही कामे लिहून प्रत्येकासमोर एकेकाचे नाव घालावे. त्याच बैठकीत घरातली पेटी सर्वांसमोर उघडावी. माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत युरियाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद निघाले: जुना सातबारा, सोसायटीचे पासबुक, उसनवारीच्या दोन चिठ्ठ्या आणि बँकेचे पासबुक, ज्यात मे महिन्याच्या अखेरीस वीस रुपये वजा झालेले दिसत होते. ते वीस रुपये म्हणजे अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. वडील आजाराने गेल्यामुळे ती रक्कम मिळाली नाही. मात्र पासबुकात ४३६ रुपयांची वजावट दिसली, तर ती जीवन ज्योती विम्याची असते. त्यात मृत्यूचे कारण कोणतेही असले तरी दोन लाख रुपये मिळतात, पण ते संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंतच असते. पासबुकाची प्रत्येक ओळ वाचावी. मृताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण भावंडांमधला पहिला संशय बहुधा तिथूनच सुरू होतो.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्याव्यात. मृत्यू सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा विहिरीत पडून झाला असेल, तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मिळणारे दोन लाख रुपये याच कागदांवर अवलंबून असतात आणि त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो.

सर्वांत जास्त लक्ष वारस नोंदीकडे, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावे सातबाऱ्यावर लावण्याकडे, द्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाहक्काने आलेल्या जमिनीची वर्दी (सूचना) तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. ही नोंद होईपर्यंत सोसायटीचे नवे पीककर्ज, पीएम किसानचा हप्ता आणि नुकसानभरपाई, सगळेच अडकून राहते. पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन सहसा धरत नाहीत, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, हे कार्यालयात स्पष्टपणे सांगावे. फेरफारात, म्हणजे या बदलाच्या नोंदीत, सर्व वारसांची नावे आहेत ना, हे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करण्यापूर्वीच तपासावे. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकट्या थोरल्या भावाचे नाव लावण्याची जुनी पद्धत सोयीची वाटते, परंतु पुढे धाकट्यांना आणि बहिणींना त्याचाच त्रास होतो.

बहिणींच्या हिश्श्याबद्दल मी स्पष्टच लिहितो. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीने स्वखुशीने हक्कसोडपत्र करून दिले, तर तो तिचा मोठेपणा आहे. परंतु दुःखाच्या पहिल्या महिन्यात, “माहेर तुटेल” या भीतीपोटी तिची सही घेणे अन्यायाचे आहे. निदान वर्षश्राद्धापर्यंत तो विषय कोणीही काढू नये. वाद झालाच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे; तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

कर्जाबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आई-वडिलांच्या कर्जाची वारसांवरची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतः जामीन राहिले नसल्यास स्वतःच्या मजुरीतून ते फेडण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. तेराव्याच्या गावजेवणासाठी सावकाराकडे जाऊ नये आणि कोऱ्या मुद्रांकावर सही तर कधीच करू नये. आधीच कोणी जमिनीचे खरेदीखत तारण म्हणून करून घेतले असेल, तर सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करावी.

आता जे भावंड वस्तीवर एकटे उरते, त्याच्याविषयी. बहुतेक घरांत आजारी आईचे किंवा वडिलांचे सगळे करणारे एकच कोणीतरी असते: लग्न न झालेला भाऊ किंवा नवऱ्याने सोडून दिलेली बहीण. त्याच्या हातचे रोजचे कामच संपलेले असते आणि पुण्या-मुंबईतल्या भावंडांच्या ते लक्षात येत नाही. परित्यक्ता किंवा ३५ वर्षांवरील अविवाहित बहिणीसाठी, उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा; दरमहा १,५०० रुपये मिळतात. शिधापत्रिकेवरून मृताचे नाव कमी करताना मागे राहिलेल्याची ई-केवायसी त्याच दिवशी करून घ्यावी, नाहीतर अंगठा जुळत नाही म्हणून धान्य बंद होते.

फोन करताना “कसा आहेस” एवढेच विचारू नये, कारण “बरा आहे” एवढेच उत्तर येते. आज चुलीवर काय शिजवले, म्हशीने किती दूध दिले, बाजाराला कोणाबरोबर गेलास, असे विचारावे. दोन-तीन दिवस चूल पेटलेली नाही, माणूस गावात यायचे टाळतो आहे किंवा फवारणीच्या औषधाची बाटली घरातच ठेवली आहे असे कळले, तर त्याच दिवशी कोणीतरी तिथे जावे आणि बाटली तेथून हलवावी. मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. पहिला फोन शेजारी बसून आपणच लावून द्यावा. आमच्या घरी आठवडी बाजाराचा दिवस ठरलेला आहे: त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे काका माझ्या भावाला हाक मारून सोबत नेतात, आणि परतल्यावर तो वहीत काय आणले ते लिहून बहिणीला फोनवर वाचून दाखवतो.