बोगोटात पपई देऊ नका: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळायच्या चुका

कोलंबियात एक वाक्य लहान मुलालाही ठाऊक असतं: ‘नो दार पापाया’, म्हणजे पपई देऊ नका. कापलेली पपई कुणासमोर धरली तर तो उचलणारच, तेव्हा चोराला आयती संधी देऊ नका, हा त्याचा अर्थ. राजधानी बोगोटात परक्या माणसाचं जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा अशा आयत्या संधीमुळेच होतं. आपल्या ज्या सवयी तिथे नडतात, त्या निघण्याआधीच माहीत असाव्यात.

लस टाळणं

पहिली चूक घरीच होते. बोगोटा सुमारे 2,600 मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर पीतज्वर पसरवणारा डास टिकत नाही, म्हणून ‘लस कशाला?’ असं अनेकांना वाटतं. पण भारताचा नियम शहर पाहत नाही, देश पाहतो. पीतज्वराच्या देशांच्या यादीत कोलंबिया आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र नसलं, तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. तिथे ठरावीक वार असतात आणि रांगही असते, त्यामुळे महिनाभर आधी नाव नोंदवा. बोगोटाहून खाली उष्ण प्रदेशात उतरणार असाल, तर लस खरोखरच लागते. तोलिमा भागातल्या साथीमुळे एप्रिल 2025 मध्ये कोलंबियाने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती.

प्रवेशाआधी भरायचा ‘चेक-मिग’ फॉर्म विमानाच्या 72 तास आधीपासून भरता येतो आणि तो मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे.

पहिल्याच दिवशी धावपळ

बोगोटा कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळपास हजार मीटर उंच आहे. डोकं दुखणं, जिना चढताना धाप लागणं, रात्री झोप न लागणं हे पहिले दोन दिवस साहजिक आहे. पाणी भरपूर प्या (नळाचं चालतं), दारू टाळा आणि शहरालगतच्या मोनसेराते डोंगराचा 3,152 मीटरवरचा माथा तिसऱ्या दिवसावर ढकला. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विश्रांती घेऊनही धाप कमी होत नसेल किंवा चालताना तोल जात असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

विषुववृत्त जवळ असलं तरी हवा गरम नसते. रात्री पारा आठ-नऊ अंशांवर येतो, त्यामुळे स्वेटर आणि रेनकोट दोन्ही लागतात.

रस्त्याच्या कडेला फोन हातात

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. नकाशा पाहत फुटपाथच्या कडेला उभं राहिलं की मोटारसायकलवरून दोघे येतात, मागचा हात घालतो आणि दोन सेकंदांत फोन जातो. नकाशा पाहायचा तर दुकानात शिरा, भिंतीला पाठ लावा, पाहा आणि फोन आतल्या खिशात ठेवून बाहेर या. ट्रान्समिलेनियोच्या लाल बसमध्ये दारापाशी फोन काढू नका, पाठपिशवी पुढे घ्या.

नकाशा कमी लागावा म्हणून पत्त्यांची रीत समजून घ्या. पूर्वेला डोंगररांग आहे, ती जवळपास सगळीकडून दिसते. ‘काय्ये’ हे रस्ते पूर्व-पश्चिम जातात आणि त्यांचे आकडे उत्तरेकडे वाढतात. ‘कारेरा’ डोंगराला समांतर, त्यांचे आकडे पश्चिमेकडे वाढतात. ‘काय्ये 70, 9-25’ म्हणजे काय्ये 70 वर, कारेरा 9 पासून साधारण 25 मीटरवर. पत्त्यात ‘सूर’ म्हणजे दक्षिण हा शब्द असेल तर तो सोडू नका. काय्ये 26 आणि काय्ये 26 सूर ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि हा शब्द गाळल्यामुळे भलत्याच वस्तीत उतरलेले लोक कमी नाहीत.

हात दाखवून टॅक्सी थांबवणं

आपल्याकडे रिक्षाला हात करायची सवय असते, तिथे ती मोडायला हवी. ‘पासेओ मियोनारिओ’ म्हणजे लक्षाधीशाची सफर हा प्रकार असा चालतो: टॅक्सी वाटेत थांबते, दोघे आत घुसतात आणि तुम्हाला एकेका एटीएमवर फिरवून पैसे काढायला लावतात. म्हणून गाडी अ‍ॅपवरून किंवा हॉटेलकडूनच मागवा, विमानतळावर अधिकृत रांगेतूनच घ्या, आणि बसण्याआधी नंबर जुळवा. अ‍ॅपवरच्या खाजगी गाडीचा चालक पुढे बसायला सांगतो तेव्हा घाबरू नका. या सेवांची कायदेशीर बाजू अजून वादात आहे, त्यामुळे तो पोलिसांचं लक्ष टाळत असतो.

पैसे देताना मोठी नोट नको. चालक नोट हातचलाखीने बदलतो आणि ‘ही खोटी आहे’ म्हणत दुसरीच परत देतो. दहा आणि वीस हजार पेसोच्या नोटा जवळ ठेवा. नव्या नोटांवर शून्यं नसतात, ‘20 मिल’ असं लिहिलेलं असतं. ‘मिल’ म्हणजे हजार. किमतीतलं टिंब हजाराचं असतं, दशांशाचं नाही, त्यामुळे 18.000 म्हणजे अठरा हजार.

अनोळखी माणसाकडून पेय

यात जीवही जातो. ‘बुरुंदांगा’ म्हणजे स्कोपोलामिन हे गुंगीचं द्रव्य, आपल्या धोतऱ्यातही असतं ते. बहुधा पेयातून देतात. माणूस जागा दिसतो, सांगाल ते करतो, पिन नंबरही देतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकी दूतावासाने मेदेयिन शहरातल्या आठ संशयास्पद मृत्यूंनंतर डेटिंग अ‍ॅपवरून भेटणाऱ्यांना सावध केलं होतं. पेला नजरेआड झाला तर तो सोडून द्या. पहिली भेट गर्दीच्या जागी ठेवा, खोलीवर कुणाला नेऊ नका. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, धडधड, बोलण्यात गोंधळ दिसला तर सोबत्याला ‘झोपून उठला की बरा होईल’ म्हणून एकटं सोडू नका. 123 वर फोन करा किंवा थेट ‘उर्हेन्सियास’ म्हणजे तातडीच्या विभागात न्या.

अंधार आणि नकली पोलीस

वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झपाट्याने अंधारतं. ला कांदेलारिया ही शहराची जुनी वस्ती दिवसा सुरेख आहे, पण कार्यालयं बंद झाली की गल्ल्या ओस पडतात. सुवर्ण संग्रहालय (सोमवारी बंद) पाहून तिथून अंधाराआधी निघा. मोनसेरातेहून उतरल्यावर पायथ्याशी भटकू नका, गाडी वरूनच मागवा.

साध्या कपड्यांतला कुणी ‘पोलीस’ पाकीट तपासायला मागू लागला तर देऊ नका. ‘वामोस आल काई’ म्हणा, म्हणजे ‘काईवर जाऊ’. ‘काई’ ही वस्तीतली पोलीस चौकी. खरा पोलीस तयार होतो. शस्त्र दाखवलं तर मात्र वाद घालू नका, जे मागतील ते द्या.

जेवण आणि वीज

‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ म्हटलं तरी चिकन किंवा हॅम येतं, कारण तिथे ‘कार्ने’ म्हणजे बहुधा लाल मांस. ‘नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन’ म्हणजे ‘चिकन नको, मासे नकोत, हॅम नको’ हेही जोडा आणि सूप कशात शिजवलंय ते विचारा. राजमा-भातातही डुकराचं मांस असू शकतं. वीज 110 व्होल्टची आहे. मोबाइलचा चार्जर चालतो, घरची इलेक्ट्रिक किटली तापत नाही.

काही गेलंच तर

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डचा परदेशी वापर सुरू करा आणि भारतीय सिमवर रोमिंग ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. *#06# दाबून फोनचा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहा. दुसरं कार्ड आणि पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा, अंगावर झेरॉक्स पुरते. फोन गेला तर आधी सोबत्याच्या फोनवरून सिम आणि यूपीआय बंद करा, मग कार्डं. पासपोर्ट हरवला तर ‘देनुन्सिया’ म्हणजे पोलीस तक्रारीची प्रत घ्या आणि ती, झेरॉक्स व फोटो घेऊन बोगोटातल्या भारतीय दूतावासात जा. नवीन पासपोर्टला वेळ लागत असेल तर भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र तिथे मागता येतं.