रेंज नसतानाही चालणारा गणिताचा सराव

आषाढात झड लागली की कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत इंटरनेटचा भरवसा उरत नाही; त्यामुळे गणिताच्या सरावाचे सॉफ्टवेअर निवडताना ते मोफत आणि मुक्तस्रोत (म्हणजे कोणालाही वापरायला, बदलायला व वाटायला खुले) आहे का, याबरोबरच एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालते का, हेही पाहावे. ‘जीकॉम्प्री’ (याचा उच्चार ‘मला समजले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांसारखा ऐकू येतो) हे शैक्षणिक खेळांचे सॉफ्टवेअर 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी असून विंडोज, लिनक्स व अँड्रॉइडवर चालते. पाढे पाठ करून घ्यायला मात्र मी ‘टक्समॅथ’ हा संगणकावरचा खेळच सुचवीन: वरून पडणाऱ्या धूमकेतूवर 7 × 8 लिहिलेले असते आणि तो खाली आदळण्यापूर्वी 56 टंकून एंटर दाबावे लागते. ही सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. मुक्त परवान्यामुळे एकाच पेनड्राइव्हवरून शेजारच्या शाळेलाही देता येतात.