इंग्लिश बागांची रचना शिकायला येताय? चेल्सीला जाण्याआधी हे वाचा

गर्ट्रूड जेकिल ही जुनी इंग्लिश बागरचनाकार, सिसिंगहर्स्ट ही केंटमधली प्रसिद्ध बाग, पीट औडॉल्फ हा आजचा रचनाकार, ही नावं तुम्हाला माहीत असणारच. फोटो बघून शैली ओळखणंही लवकर जमतं. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण तेवढ्याच भांडवलावर कामाला लागलात तर तोंडघशी पडाल.

खरी फसगत होते लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये, म्हणजे बागांच्या मोठ्या प्रदर्शनात. मे महिन्यातल्या त्या आठवड्यात सगळं एकदम फुललेलं दिसतं, कारण तसं ते घडवून आणलेलं असतं. काही रोपं काचघरात ऊब देऊन लवकर फुलवतात, काही थंडाव्यात ठेवून थोपवतात. मग ती खेटून मांडतात, कित्येकदा कुंडीसकट. वाढायला जागा ठेवायचा प्रश्नच नसतो, शो संपला की सगळं उचलायचंच असतं. तेच अंतर आणि तीच जोडी खऱ्या वाफ्यात उतरवली, की एक फुलतं तेव्हा दुसरं नुसती पानं घेऊन उभं असतं, आणि दांडगी झाडं नाजूक झाडांना गिळून टाकतात. माझा पहिला आराखडा याच कारणाने परत आला होता. शो जरूर बघा, पण तिथलं अंतर मोजून वहीत उतरवू नका.

त्यापेक्षा कुठलीही बाग बघताना विचारा, इथे वर्ष कसं निभावतात आणि राबतं कोण? व्हिक्टोरियन काळात हंगामी रोपं काचघरात वाढवून वाफ्यात मांडायची आणि संपली की उपटायची. बागांवर लिहिणाऱ्या विल्यम रॉबिन्सनने 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून या पद्धतीला विरोध केला. जेकिलबाईंचा मन्स्टेड वुड या त्यांच्या घरच्या बागेतला मुख्य वाफा जुलै ते ऑक्टोबर रंगात असायचा. डेल्फिनियम या उंच फुलझाडांचा बहर ओसरला की मागच्या, स्वीट पी या फुलवेलीच्या नात्यातल्या बहुवर्षायू वेली त्यांच्या दांड्यांवर ओढून घ्यायच्या, त्या संपल्या की क्लेमॅटिसच्या वेली. उरलेल्या फटींत लिली, हायड्रेंजियाच्या कुंड्या. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, आणि याला माणसं लागतात. महायुद्धांनंतर तेवढे माळी राहिले नाहीत. बागकार बेथ चॅटोंनी एसेक्समध्ये जुन्या कार पार्कच्या जागी, रेती-खडीच्या जमिनीवर, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाग केली, ती रोपं रुजल्यावर वरून पाणी न घालता. डच औडॉल्फ वाळलेल्या काड्या हिवाळाभर उभ्या ठेवतो. दोन्हीकडे झाड निवडतानाच निम्मं काम झालेलं असतं.

तयार प्लँटिंग प्लॅन, म्हणजे कुठे काय लावायचं याचा नकाशा, विकत घेऊन कोणी शहाणं झालेलं मी पाहिलं नाही. नामवंत डिझायनरच्या ऑफिसात ड्रॉइंगं रंगवत बसण्यापेक्षा चांगल्या मुख्य माळ्याच्या हाताखाली एक वर्ष खुरपणी करा. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेत विद्यार्थी तसंच शिकतात. लॅटिन नावांची धास्ती घेऊ नका, खुरपता खुरपता ती आपसूक तोंडात बसतात. फेब्रुवारीत बोटं गारठतील. पण कुठला कोंब कशाचा, हे कळायला तोच महिना बरा.