अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगला निघताय? आधी नागपुरातल्या धंतोलीत डॉक्टरांकडे जाऊन या

टॉवेल, टोपी, आधार कार्ड तुम्ही भरालच. पहिलं काम मेडिकल फॉर्मचं. डायव्ह सेंटरकडून तो महिनाभर आधी मागवा आणि एकेक प्रश्न वाचा. दमा, बीपी, फिट्स, कानाचं ऑपरेशन, यातलं काही 'हो' निघालं की बहुधा डॉक्टरची सही लागते. ती सही धंतोलीत मिळते, बोटीच्या धक्क्यावर नाही. 'ट्राय डायव्ह'च (शिकाऊंची पहिली डुबकी) तर आहे म्हणून सोडू नका, फॉर्म तिथेही असतो. 'नाही' ठोकून मोकळं होणं तर सरळ मूर्खपणा: 10 मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होते, आणि दम्याने अडकलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत नाही, ती फाडते.

त्याच फेरीत कान-नाक-घसावाल्यांना कान दाखवा. डिसेंबरात इथल्या गारठ्यातून सर्दी घेऊन गेलात तर डायव्ह गेली. नाकात थेंब टाकून उतरू नका. खाली असर उतरला की वर येताना सायनस कोंडतो.

तारखा नोव्हेंबर ते एप्रिल. चेन्नई किंवा कोलकाता करत पोर्ट ब्लेअर (आता श्रीविजयपुरम), पुढे फेरी बोट. परतीचं तिकीट विमानाच्या वेळेपासून मागे मोजून ठरवा: शेवटची डायव्ह आणि विमान यांत किमान 18 तास, 24 ठेवा. अंगातला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाला फुगे धरतो. त्यात समुद्र खवळला तर फेरीच रद्द, म्हणून शेवटचा पूर्ण दिवस कोरडा. बोट लागू नये म्हणूनची गोळी आधी घरी घेऊन बघा, काहींना भयंकर झोप येते. साध्या प्रवास विम्यात स्कूबा असतंच असं नाही, अटी वाचा.

सामान 15 किलोत बसवा. वेटसूट, फिन्स तिथे भाड्याने घ्या. मास्क मात्र स्वतःचा; चष्मा असेल तर नंबरची काच आधीच बसवून घ्या, आणि नवा मास्क आतून टूथपेस्टने घासा, नाहीतर धुकं धरतो. डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) हातातल्या बॅगेत, टॉर्चचे सेलही तिथेच.

फॉर्मवर सही झाली? शिक्का? मूळ कागद बॅगेत, फोटो मोबाइलात. नुसत्या फोटोवर भागेल असं धरून चालू नका.

सर्टिफिकेशन कार्ड, लॉगबुक (आधीच्या डायव्हची नोंदवही). वर्षभर पाण्यात नसाल तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणी. ओपन वॉटरवाले (पहिलं सर्टिफिकेट) 18 मीटरपर्यंतच, डिक्सन्स पिनॅकल या खोल जागेचा हट्ट नको. रोख पैसे. नेटवर्कचा भरवसा नाही, तिकिटं छापून घ्या. पोवळं उचलू नका, गुन्हा आहे.