आधी गाव विचारा, मग भिंग काढा

मुंबईत त्वचारोगाच्या ओपीडीत नव्याने बसणाऱ्या ज्युनियर्सना मी आधी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. केसपेपरवरचा पत्ता हा भाड्याच्या खोलीचा असतो. तुम्ही जिल्हा विचारा. आणि मधल्या काळात कामाला कुठे होता, तेही.

बिहारचे सारण, सिवान, वैशाली, मुझफ्फरपूर ही नावं कानावर पडली की जरा थांबा. तिकडचा तरुण हनुवटीवर, तोंडाभोवती फिकट चट्टे आणि मधूनमधून गाठी घेऊन येतो. खाज नाही, दुखत नाही. आपल्या मनात पहिल्यांदा कुष्ठरोगच येतो, आणि यातले काही जण एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या औषधांची, पाकिटं संपवूनच आपल्यापर्यंत पोचलेले असतात. हा बऱ्याचदा पीकेडीएल असतो, म्हणजे काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कातडीवर उमटणारा, त्याच लेशमानिया नावाच्या परजीवीचा अवतार.

चट्ट्यावर कापूस फिरवून संवेदना बघा, कोपरामागची नस जाड झालीय का ते चाचपा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण गाठींच्या कुष्ठरोगातही सुरुवातीला संवेदना शाबूत असू शकते. खरा निकाल स्मिअर, म्हणजे कातडीतला नमुना काचेवर पसरून केलेली तपासणी, देतो. चेहरा गाठींनी भरलाय आणि झेडएनमध्ये (कुष्ठरोगाचे जंतू दाखवणाऱ्या रंगात) एकही जंतू नाही, हे कुष्ठरोगात बसतच नाही. मग त्याच गाठीतून दुसरी स्लाइड घ्या आणि गिम्सा, म्हणजे परजीवी दाखवणारा रंग, करा. सपाट चट्ट्यातून घेतलेल्या स्लाइडमध्ये परजीवी क्वचितच सापडतात, म्हणून सुई नेहमी गाठीतच घाला. आरके३९ची पट्टी (रक्तातल्या लेशमानियाविरुद्धच्या अँटीबॉडीची झटपट चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच खूश होऊ नका. काळा आजार होऊन गेल्यावर ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते.

पूर्वीचा आजार कसा विचारायचा? ‘कालाजार हुआ था क्या?’ म्हटलं की बरेच जण मान हलवून नाही म्हणतात. लहानपणचं कुणाला आठवणार? त्यापेक्षा ‘बहुत दिन बुखार था, पेट फूला था, महीना भर सुई लगी थी?’ असं विचारा. अलीकडच्यांना सरकारी दवाखान्यात एकाच दिवशी लावलेली सलाइनची बाटली आठवते. घरी फोन लावून आईला विचारायला सांगा, तिला सगळं पाठ असतं. काहींना असा ताप कधीच आलेला नसतो, तेव्हा नकार ऐकून निदान सोडू नका.

आखातातून किंवा बिकानेरकडून आलेल्याच्या उघड्या अंगावर, हातावर वा गालावर, न दुखणारी, उंच कडांची, खपली धरलेली जखम आठवडेच्या आठवडे भरत नसेल तर तीही लेशमानियाच समजून चाला. नमुना मधल्या घाणीतून नको, कडेतून घ्या.

समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेला पर्यटक मात्र सोपा. पावलावर नागमोडी, खाजरी, रोज थोडी पुढे सरकणारी रेघ दिसली की कातडीखाली सरकणाऱ्या अळीचं निदान बघताच होतं. बायोप्सी करू नका, अळी रेघेच्या टोकापुढे कुठेतरी असते आणि तुकड्यात येत नाही. आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं औषध पुरतं. रेघ तासाभरात काही सेंटिमीटर पळत असेल, तीही ढुंगणाभोवती, तर मात्र स्ट्राँगिलॉइडिस हा आतड्यातला जंत आठवा, आणि तो नाही याची खात्री किंवा त्यावर उपचार होईपर्यंत अशा पेशंटला स्टेरॉइड लिहू नका.

खरूज सांगायचीही गरज नाही, असं वाटतं ना? पण एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांची खरूज मेडिकलवाल्याच्या मिश्र क्रीमने झाकलेली येते. स्टेरॉइडने खाज दबते, किडे वाढतच राहतात. बोटांच्या बेचक्यात डर्मोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं भिंग, लावा, बिळाच्या टोकाला काळपट त्रिकोण शोधा. नाहीच दिसला तर कातडी खरवडून केओएचच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि खोलीत कितीजण झोपतात ते विचारा. एकट्यालाच पर्मेथ्रिन (खरजेचं मलम) दिलंत तर पंधरवड्यात तो परत तुमच्याच रांगेत.

पीकेडीएलवरची मिल्टेफोसिनची गोळी बारा आठवडे घ्यावी लागते. पेशंट बाई असेल तर आधी गरोदरपण तपासा आणि गर्भनिरोधकाचं बोला. डोळा लाल झाला, धूसर दिसू लागलं तर गोळी थांबवून लगेच यायला बजावा. आणि छठला गावी जाणार का, हे पहिल्याच भेटीत विचारून त्या हिशोबाने औषध द्या.