‘निओह’ खेळायला घेताना आधी दम सांभाळावा

टीम निंजाने तयार केलेला आणि २०१७ साली प्लेस्टेशन ४ वर आलेला ‘निओह’ हा व्हिडिओ गेम पहिल्या काही तासांतच नवख्या माणसाला रडकुंडीला आणतो. आमच्या गावात रोजच्या डेटा पॅकवर एवढा मोठा खेळ उतरवणे शक्य नव्हते. त्यामुळे मी नागपूरहून जुनी डिस्क आणली आणि मे महिन्यातल्या दुपारी, उन्हात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही अशा वेळी, खेळायला बसलो. १६०० साली जपानला पोहोचलेल्या विल्यम ॲडम्स या खऱ्या इंग्रज खलाशावर यातला नायक बेतलेला आहे.

प्रथम शिकावी अशी गोष्ट म्हणजे दम. खेळात त्याला ‘की’ म्हणतात, पण मराठी वाक्यात तो शब्द घोटाळा करतो, म्हणून मी दमच म्हणेन. प्रत्येक वार, बचाव आणि झुकांडी यांत दम खर्च होतो आणि तो पूर्ण संपला तर विल्यम धापा टाकत उभा राहतो, तेव्हा समोरचा त्याला सहज लोळवतो. वार संपताच अंगाभोवती प्रकाशाचे कण गोळा होतात; ते पूर्ण एकवटले त्याच क्षणी कंट्रोलरवरचे आर-वन हे बटण दाबल्यास गेलेल्या दमाचा मोठा भाग परत मिळतो. डवरणीच्या बैलाला तासाच्या टोकाशी दम खाऊ द्यावा लागतो, तसेच हे आहे; फरक इतकाच की येथे विसाव्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. राक्षसांनी पसरवलेल्या करड्या वलयात दम सावकाश भरतो, परंतु याच आर-वनने ते वलयही नाहीसे होते. पहिल्या टप्प्यातल्या साध्या शत्रूंवर दोन वार आणि एक आर-वन हा क्रम बोटांत बसेपर्यंत पुढे जाऊ नये.

लढताना शस्त्र धरण्याचे तीन पवित्रे आहेत: उंच पवित्र्यातला वार जबर पण दमखाऊ असतो, मधला पवित्रा बचावाला बरा आणि खालचा चपळ. मी सुरुवातीला मधलाच धरला. अंगावरच्या सामानाचे एकूण वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या खाली ठेवावे, नाहीतर हालचाल जड होते.

शत्रू मारून मिळणारी ‘अमृता’ (नाव आपल्या अमृतावरूनच) आपण मेल्यावर आपल्या थडग्यापाशी राहते आणि तेथे पोहोचण्यापूर्वी पुन्हा मेलो तर कायमची जाते. देवस्थानापाशी प्रार्थना केल्यास औषधे भरून मिळतात. मात्र मारलेले शत्रूही परत उभे राहतात. लोडशेडिंगची वेळ जवळ आली की मी जमलेली अमृता देवस्थानी खर्चून पातळी वाढवून घेतो आणि मगच इन्व्हर्टरच्या भरवशावर पुढे सरकतो.

जहाजावरचा ओन्र्योकी हा राक्षस या सगळ्याची परीक्षा घेतो. त्याच्या हातांना साखळदंडाने लोखंडी गोळे जोडलेले असतात. घाबरून लांब पळण्यापेक्षा त्याच्या बगलेला राहावे, गोळा आपटून झाला की दोनच वार करावेत, दम परत घ्यावा आणि बाजूला सरावे. तिसऱ्या वाराचा मोह फार होतो. माझ्या हातून ओन्र्योकी तीनदा निसटला आणि तिन्ही वेळा त्याचे प्राण एका वाराएवढेच उरले होते.