ऑर्किडच्या संज्ञा रोपावर कशा ओळखाव्यात

संज्ञांची यादी पाठ करून काही साधत नाही. रोप समोर ठेवावे आणि एक शब्द त्यावर बोटाने दाखवता आल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये.

पहिला शब्द अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढणारी वनस्पती. आपल्याकडे विदर्भात आंब्या-मोहाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या वांडा या ऑर्किडला लोक सर्रास बांडगूळ म्हणतात, ते चूक आहे; तो झाडाचा केवळ आधार घेतो, अन्नरस नाही. म्हणूनच अशा ऑर्किडच्या कुंडीत माती घालू नये.

नंतर वाढीची पद्धत पाहावी. वांडा आणि फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्याने वर वाढतात, ते मोनोपोडियल. डेंड्रोबियम आणि कॅटलिया बुडाशी नवनवे कोंब काढत आडवे सरकतात, ते सिम्पोडियल.

खरी अडचण छद्मकंदापाशी येते. कंद म्हटल्यावर नजर मुळांकडे जाते, पण डेंड्रोबियमची उसासारखी पेरेदार खोडे हेच त्याचे छद्मकंद असून पाणी व अन्न त्यांतच साठते. हे ठाऊक नसल्याने पाने गळालेली जुनी खोडे मी एका एप्रिलमध्ये वाळकी समजून छाटली, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला तेव्हा नव्या कोंबांना कसलाच साठा उरला नव्हता. दोन रोपे गेली. पाने नसलेले, सुरकुतलेले खोडही हिरवे आणि टणक असेल तर त्याला हात लावू नये, कारण डेंड्रोबियमच्या काही जाती अशाच निष्पर्ण खोडांवर फुलतात. तपकिरी, पोकळ किंवा दाबताच पिचणारे खोड तेवढे काढावे.

छद्मकंदांना बुडाशी जोडणारे आडवे खोड म्हणजे मूलक्षोड. विभागणी तिथेच करावी आणि प्रत्येक भागात किमान तीन निरोगी छद्मकंद ठेवावेत. एकेक खोड सुटे करण्याचा सल्ला मुळीच मानू नये.

वेलामेन हे मुळांवरील मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण, कोरडे असता रुपेरी आणि भिजताच हिरवट दिसणारे. आठवड्यातून एकदा पाणी द्या, हा नियम नागपुरात निरुपयोगी आहे: मेच्या झळांत ते रोज रुपेरी होते, ऑगस्टच्या दमट हवेत दिवसेंदिवस हिरवे राहते. पाणी त्या रंगावरून ठरवावे.

फुलात तीन निदले, म्हणजे बाहेरच्या वर्तुळातली दले, आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. पाकळ्यांतली वेगळ्या आकाराची पाकळी म्हणजे ओष्ठ, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जुळून मधोमध झालेला भाग म्हणजे स्तंभ.